पिवळ्या चिठ्ठीची गाडी

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात पंपांचे दांडे आणि बुश तयार होत, आणि तयार झालेला प्रत्येक नग शेवटी संताजीरावांच्या टेबलावर येई. टेबलावर रंगाचे तीन डबे असत. नग मापात बसला की हिरवा ठिपका. नाही बसला की लाल, आणि लाल ठिपका लागलेला नग सरळ भंगारात. तिसरा डबा पिवळा. नकाशाप्रमाणे चुकलेला, पण हलक्या कामाला चालून जाईल असा नग पिवळ्या चिठ्ठीवर सोडता येत असे. चिठ्ठीत लिहायचं, खोट काय, कुठे वापरायचा, किती भार द्यायचा, पुन्हा कधी तपासायचा. खाली दोन सह्या. एक तपासणाऱ्याची आणि दुसरी, जो तो नग वापरणार त्याची.

सव्वीस वर्षांत संताजीरावांनी एकही पिवळी चिठ्ठी फाडली नव्हती. डब्यातला पिवळा रंग वाळून त्याची वडी झाली होती. लेथवरची माणसं म्हणत, "संताजीअण्णांपुढं देव आला तरी आधी त्याला मायक्रोमीटर लावतील." संताजीराव मिशीतल्या मिशीत हसत. राजाजीनगरला घरी आल्यावरही नजर तीच. दाराची कडी, सांबारातलं मीठ, शेजारच्यांनी नवीन बांधलेली भिंत, सगळं ते तसंच निरखत. सगुणाबाई म्हणत, "मला बघायला तुमच्या आई आल्या म्हणून निभावलं. तुम्ही आला असतात तर मी गेले होते भंगारात."

अशा माणसाचं मन बसलं ते तीन दिवस तळ्यात पडून राहिलेल्या गाडीवर.

ते साल पंच्याण्णव. तुमकूर रोडवर संताजीराव जिथे बसची वाट बघत उभे राहात, तिथे मागे निलगिरीच्या झाडांच्या रांगेपलीकडे एका विमा कंपनीचं आवार होतं. अपघातात सापडलेल्या ज्या गाड्या दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं कंपनीला वाटे, त्या मालकाला भरपाई देऊन ती तिथे आणून ठेवी आणि दर दोन महिन्यांनी बंद लखोट्यातल्या बोलीवर विकून टाकी. चेपलेल्या, जळालेल्या, टप उडालेल्या गाड्या. त्यांच्यामध्ये जुलैतल्या एका संध्याकाळी संताजीरावांना एक फिकट निळी फिअट दिसली. कुठे चेपलेली नाही, काच फुटलेली नाही. फक्त सगळ्या अंगावर, काचांच्या मध्यावरून, मातकट पाण्याची एक सरळ रेघ. जणू कुणी पट्टी धरून आखली असावी.

राखणदार देवाप्पा बिदरकडचा, मराठी चांगलं बोलणारा. पूर्वी तोही पीण्यात कामाला होता. त्याने हकीकत सांगितली. हेसरघट्ट्याच्या बाजूला एक कुटुंब तळ्याकाठी डबा खायला गेलं होतं. गाडी उतारावर लावली, हातब्रेक ओढायचा राहिला. सगळे चादर पसरून बसले आणि ही बया आपल्या आपण, अगदी सावकाश, पाण्यात चालत गेली. कुणाला खरचटलं नाही. क्रेन मिळेपर्यंत तीन दिवस गेले.

"बसून बघा अण्णा," देवाप्पा म्हणाला. "बसायला टेंडर लागत नाही."

संताजीराव बसले. आत सूर्य तिरपा येत होता, आणि काचेवरच्या त्या रेघेच्या वरचा उजेड पांढरा तर खालचा हिरवट होता. मीटरच्या काचेआड ओल धरली होती. पुढच्या खणात वाळलेला गाळ आणि नखाएवढा एक शंख. रस्त्यावरच्या लॉऱ्यांचा आवाज दार लावताच लांब गेला. संताजीरावांनी चाकावर हात ठेवला, आणि त्यांना वाटलं, या बाईने तीन दिवस काय काय पाहिलं असेल. शेजारून मासे गेले असतील. वरून कुणी बगळा चालत गेला असेल, तर नुसते पाय दिसले असतील.

शेजारची जागा रिकामी होती. तिथे त्यांना सगुणाबाई दिसल्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेल्या.

सगुणाबाईंच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला होता. बसची पायरी चढणं सुटलं, मग दोन गल्ल्यांपलीकडचा बाजारही सुटला. त्यांची थोरली बहीण चंपाअक्का व्हाइटफील्डला राहायची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, द्राक्षांच्या बागा आणि कौलारू बंगले होते तिकडे. आई लवकर गेल्यामुळे सगुणाबाईंची वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलेलं. दर महिन्याला दोन बस बदलून त्या अक्काकडे जात, आणि हंगामात येताना तिच्या अंगणातला फणस घेऊन येत. आता अक्काला दिसायचं कमी झालं होतं आणि धाकटीला चालवत नव्हतं. मागच्या दिवाळीत रिक्षा केली, तर हादऱ्यांनी सगुणाबाई आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. एकदा टॅक्सी केली, पण टॅक्सीवाला बाहेर भोंगा वाजवत बसला आणि दोघींचं बोलणं कॉफीपर्यंतही पोचलं नाही. आता रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर जे काही होईल तेवढंच. अक्का फोनवर ओरडून बोले, कारण व्हाइटफील्ड फार लांब आहे अशी तिची समजूत होती. आणि ती खोटी नव्हती.

नवी गाडी या जन्मात येणार नव्हती. चांगली जुनीसुद्धा संताजीरावांच्या ऐपतीबाहेर होती. ही मात्र येण्यासारखी होती.

मग रोज कामावरून सुटल्यावर अर्धा-पाऊण तास ते त्या गाडीपाशी जाऊ लागले. आधी नुसते बसत. मग हत्यारं येऊ लागली. ओळंबा, दोरी, लोहचुंबक, टॉर्च, टोच्या. त्यांनी गाडीच्या पोटाखाली दोरी कर्णात धरून दोन्ही बाजू मोजल्या; सांगाडा कुठे वाकलेला नव्हता. चुंबक सगळीकडे घट्ट बसला, म्हणजे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली नव्हती. मग त्यांनी डाव्या सीटखाली टोच्या लावला, आणि तो बोटभर आत गेला. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर टिचकी मारली, तर आवाज बद्द आला. आत गाळ होता, ओला. ब्रेकच्या नळ्यांवर गंजाची खपली. जिथे जिथे खोट सापडली तिथे त्यांचा हात खिशातल्या छोट्या डबीकडे गेला आणि लाल ठिपका उमटला. सात ठिपके. आपण ते लावतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. सव्वीस वर्षं हात तेच करत आला होता.

एंजिनासाठी त्यांनी मल्लाप्पाला आणलं. मल्लाप्पा निपाणीचा, मागडी रोडवर त्याचं गॅरेज. त्याने तळाचं बूच काढलं, तर ऑइल बाहेर आलं ते दुधाळ.

"फिल्टर कॉफी आहे बघा अण्णा. साखर तेवढी घाला."

मग त्याने प्लग काढून आत डिझेल सोडलं, दुसऱ्या दिवशी येऊन पंखा हाताने फिरवला. स्वल्प कुरकुर करत एंजिन फिरलं.

"हे वाचलंय," मल्लाप्पा हात पुसत म्हणाला. "यात काही इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. सगळं उघडता येतं, धुता येतं. वायरिंग नवीन टाकू, ब्रेक पूर्ण नवीन. सीट फेकून द्यायच्या. पण पत्र्याचं मी काही बोलणार नाही. तळं बाहेरून वाळतं, आतून नाही. वरनं अशीच निळी दिसत राहील आणि आतनं जात राहील. आज जोडलं तरी वर्षाने कुठे फुटेल सांगता येत नाही."

"आणि विमा?"

"दुसऱ्याला लागलं तर त्याचा मिळेल. तुमच्या गाडीचा कोण देतोय. आणि विकायला जाल तर कागदावर बुडालेली म्हणून लिहिलेलं आहे. कोणी हात लावणार नाही. घेतली की शेवटपर्यंत तुमचीच. बायकोसारखी." मग जरा थांबून, "वहिनींना विचारलं का?"

संताजीरावांनी विचारलं नव्हतं.

विचारायची गरजही नव्हती. नवरा रोज उशिरा येतो, सदऱ्याच्या बाहीला लाल रंग आणि रुमालाला पिवळसर गाळ, हे सगुणाबाई आठ दिवस बघत होत्या आणि गप्प होत्या. नवव्या दिवशी सदरा भिजवताना खिशात शंख निघाला. त्यांनी तो धुतला, पुसला आणि संध्याकाळी कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवला.

"हा कुठल्या पंपातला?" त्यांनी विचारलं.

संताजीरावांनी सगळं सांगितलं. वही काढली, वाचून दाखवली. डाव्या पानावर धोके, एकाखाली एक, प्रत्येकापुढे माप. तळपत्रा, पट्ट्या, नळ्या, वायरी, विमा, विक्री. उजव्या पानावर फायदे. तिथे एकच शब्द होता, व्हाइटफील्ड.

सगुणाबाईंनी डाव्या पानावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"डाव्या सीटखालचा पत्रा म्हणजे माझ्या पायांखालचा."

"हो. म्हणूनच तर—"

"तुमच्या बाजूचा बरा आहे?"

"आहे."

"बघा म्हणजे." त्या हसल्या. "आणि हे सगळं तुम्ही एकटेच तोलताय. बसणार मी."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत सगुणाबाईंनी तीनदा विचारलं की गाडीचा निळा कसला, मोरपंखी का आकाशी.

लखोटे टाकायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत होती. शुक्रवारी संताजीराव आवारात गेले, तर देवाप्पा खुशीत होता.

"अण्णा, तुमचं काम झालं समजा. या आठवड्यात तीन पार्ट्या आल्या. तिघांनी लाल ठिपके बघितले आणि गप परत गेले. इथले सगळे पीण्यात फिरलेले. लाल म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. तुमच्याशिवाय लखोटा पडत नाही आता."

संताजीराव गाडीजवळ गेले. खाली वाकून त्यांनी पहिल्यांदा आपलेच ठिपके पाहिले. बॉनेटच्या कडेलाही एक होता. तिथे तर नुसती रंगाची खपली निघाली होती, आणि लांबून बघणाऱ्याला तो ठिपका एंजिनाचा वाटणार होता. एंजिन तर चांगलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या लाल रंगाने खोटं सांगितलं नव्हतं, आणि आज तो त्यांच्याच फायद्याचं खोटं सांगत उभा होता.

मल्लाप्पाला वाटेत सांगितलं, तर तो म्हणाला, "अण्णा, देवानं दिलंय ते घ्या आणि गप बसा."

घरी येऊन सगुणाबाईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"खरं सांगितलं तर गाडी जाईल?"

"जाईल. पार्ट विकणाऱ्याला पत्र्याशी काय करायचंय? एंजिन चांगलं कळलं की तो माझ्यापेक्षा जास्त लिहील."

त्यांनी सोललेले दाणे वाटीत ओतले.

"मी त्या गाडीत बसून अक्काकडे दहा वेळा जाऊन आलेय, तुम्ही सांगितल्यापासून," सगुणाबाई म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही गाडी चालवत होता आणि गप्प होता. आता ती घेऊन तुम्ही असेच गप्प राहणार असाल, तर मला एवढ्या लांबचा प्रवास जमायचा नाही. उद्या जा आणि सांगून या." मग त्यांनी हात पुसले. "आणि तुमची ती पिवळी चिठ्ठी असते ना, ती आणलीय का कधी घरी?"

कोऱ्या चिठ्ठ्यांची वही संताजीरावांच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून होती. त्यांनी ती काढली आणि पाटावर बसून, कारखान्यात लिहीत तशाच अक्षरात एक चिठ्ठी लिहिली. खोट: पाण्यात बुडालेली, तळपत्रा व पट्ट्या गंजलेल्या. वापर: राजाजीनगर ते व्हाइटफील्ड व परत. भार: दोन माणसं. वेग: चाळीसच्या आत. पावसात नाही. काळोख पडल्यावर नाही. ब्रेकच्या नळ्या प्रत्येक फेरीआधी. तळपत्रा दर सहा महिन्यांनी उघडून. खाली सही केली. आयुष्यातली पहिली. मग चिठ्ठी सगुणाबाईंपुढे सरकवली.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. 'भार: दोन माणसं' यापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आणि फणस'. मग सही केली.

शनिवारी संताजीरावांनी अर्धी रजा टाकली. आवारात दयानंद नावाचा एक माणूस फिरत होता. बुडीत गाड्या घ्यायच्या, फोडायच्या आणि भाग विकायचे हा त्याचा धंदा. निळ्या गाडीपाशी येऊन त्याने बॉनेटवरचा ठिपका पाहिला आणि पुढे निघाला.

"थांबा," संताजीराव म्हणाले. "हे ठिपके माझे. हा बॉनेटवरचा नुसता रंगाचा आहे. एंजिन चांगलं आहे, फिरवून बघितलंय. खोट फक्त खाली आहे."

दयानंदाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही बोली लावताय?"

"लावतोय."

"आणि मला सांगताय एंजिन चांगलं आहे."

"हो."

दयानंद गाडीभोवती एक चक्कर मारून आला. पुन्हा संताजीरावांकडे बघितलं. मग हसला.

"सर, मी या धंद्यात पंधरा वर्षं आहे. आपल्याला घ्यायच्या गाडीची कोण अशी तारीफ करत नाही. तुम्हाला ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची दिसते. माझा लखोटा नको." आणि तो पलीकडच्या जळक्या जीपकडे गेला.

संताजीराव त्याच्यामागे दोन पावलं गेले. पुन्हा सांगितलं. मल्लाप्पाच्या गॅरेजचा पत्ता दिला, पाहिजे तर विचारून घ्या म्हणाले. जितकं सांगावं तितका दयानंद मान हलवत लांब जाई. शेवटी देवाप्पाच त्यांना हाताला धरून लखोट्यांच्या पेटीपाशी घेऊन गेला. बाराला पाच मिनिटं होती.

सोमवारी पेटी उघडली, तेव्हा निळ्या गाडीसाठी एकच लखोटा होता.

पुढचे अडीच महिने गाडी मल्लाप्पाकडे उघडी पडून होती. पट्ट्या कापून त्यातला गाळ काढला, घमेलं भरून निघाला. मल्लाप्पाने तो गॅरेजमागच्या तुळशीला घातला, आणि तुळस नुसती फोफावली. डाव्या बाजूला नवा जाड पत्रा बसला. वेल्डिंगचे डाग द्यायला सुरुवात होण्यापासून शेवटपर्यंत संताजीराव शेजारी उकिडवे बसून होते, आणि मल्लाप्पा म्हणत होता की माझ्या लग्नात भटजीसुद्धा एवढा जवळ बसला नव्हता. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला. पिवळा रंग संताजीरावांनी नवा आणला. दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, एक ठिपका.

पुढच्या रविवारी सकाळी ते निघाले. सगुणाबाई आधी सीटवर बसल्या, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले, आणि पाय ठेवताना क्षणभर थांबल्या. मग टेकवले. गाडी चाळीसच्या आत चालली होती. सायकली मागे पडत होत्या, बाकी सगळं पुढे जात होतं. शहर संपता संपत नव्हतं आणि सगुणाबाईंना त्याची घाई नव्हती. मधल्या दिवसांत काय काय उगवलं होतं ते त्या बोटाने दाखवत होत्या.

कृष्णराजपुरमच्या पुढे आभाळ भरून आलं आणि चार थेंब पडले.

"पावसात नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "चिठ्ठीत आहे."

रस्त्याकडेच्या मोठ्या चिंचेखाली संताजीरावांनी गाडी थांबवली, हातब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला, मग आत येऊन बसले. पाऊस जोरात आला. काचांवरून पाणी उतरू लागलं आणि बाहेरचं जग हिरवं, हलतं झालं. चिंचेची पानं खाली येताना तरंगत आल्यासारखी दिसत होती. सगुणाबाईंनी डबा उघडला. चित्रान्न खाताना त्या एकदम म्हणाल्या, "हिला आठवत असेल ना?"

"काय?"

"असंच. आत कोरडं, बाहेर पाणी. हिच्या वेळी तर आतही पाणीच होतं."

संताजीरावांनी डाव्या बाजूला वाकून पत्र्यावर हात फिरवला. कोरडा होता. सगुणाबाईंनी पाय जरा बाजूला घेतले, त्यांना नीट बघता यावं म्हणून.

तासाभराने पाऊस थांबला. व्हाइटफील्डला चंपाअक्का फाटकातच उभी होती. तिने गाडीला हात लावला, दारावरून, काचेवरून, टपावरून, जसा पूर्वी कुणाच्या तरी वेणीवरून फिरवला असेल तसा.

"पाण्याचा वास येतोय गं."

"तळ्यात राहून आलीय," सगुणाबाई म्हणाल्या.

कॉफी झाली. फणसाचा हंगाम अजून लांब होता. परतीच्या फेरीआधी नळ्या बघायच्या म्हणून संताजीराव अंगणात पोतं पसरून गाडीखाली शिरले. खालून त्यांना दोन जोड्या पाय येताना दिसले, एक जपून आणि दुसरे चाचपत. कुणी कुणाला धरलं होतं ते कळत नव्हतं. दारं उघडली. दोघी पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसल्या, कुठे जायचं नसताना, आणि दारं लागली. वरून बोलण्याची नुसती गुणगुण येऊ लागली. अक्का ओरडून बोलत नव्हती.

पत्रा त्यांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होता. दोघींच्या वजनाने स्प्रिंगा जरा दबल्या, तो मात्र जागचा हलला नाही. नळ्या बघून कधीच झाल्या होत्या. संताजीरावांनी टॉर्च विझवली, तळहात वर नेऊन त्या नव्या जोडावर टेकवला, आणि वरचं बोलणं संपेपर्यंत ते तसेच पडून राहिले.